उताराला पेट्रोल कशाला?

दसरा जवळ आला की माझं डोकं फिरायला लागतं. घरात घट बसलेले असतात, उपासाने आईचा चेहरा एवढासा झालेला असतो, जेल रोडच्या कडेला दिंडोरीकडचे शेतकरी झेंडूचे ढीग लावून बसलेले असतात आणि त्या कडवट, ओल्या वासाने सगळा रस्ता भरून जातो. दुसऱ्या कुणालाही प्रसन्न वाटावं अशा त्या सकाळी मी दातओठ खात भाजी आणायला निघते. दुकानदार विचारतो, ताई, गाडीसाठी हार देऊ का, मोठा, बॉनेटभर? नको, म्हणते मी, आणि ते इतक्या जोरात म्हणते की तो बिचारा पिशवीत दोन लिंबं फुकट टाकतो.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या दिवशी बघण्यासारखी गंमत असते. एरवी पाण्याचा पेला स्वतः उचलून न ठेवणारे पुरुष सकाळपासून पाइप घेऊन गाड्या धूत असतात. काचा वर्तमानपत्राने पुसतात, टायरला पॉलिश लावतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. समोर काळी बाहुली, आरशाला मिरच्या-लिंबू, चारही चाकांखाली एकेक लिंबू. मग नारळ. ज्या गाडीचा हॉर्न वर्षभर ब्रेक म्हणून वापरला, तिला ओवाळताना डोळे मिटून घेतात.

एकदा मी तळमजल्यावरच्या देशपांडेकाकांना विचारलं होतं, "काका, ब्रेक कधी तपासून घेतलेत?" त्यांच्या हातातलं निरांजन हललं. म्हणाले, "अगं मंजू, सणाच्या दिवशी असलं अभद्र काय बोलतेस!" ब्रेक हा शब्द अभद्र. लिंबू चिरडलं की भद्र. मी पुढे काही बोलले नाही, कारण आमच्या घरचाच नग समोर बादली घेऊन उभा होता. माझे वडील, अप्पा.

आमची गाडी जुनी. इतकी जुनी की सिग्नलला थांबली की शेजारच्या रिक्षातले लोक तिच्याकडे वाकून बघतात. पांढरी, गोल डोळ्यांची, दार लावलं की कपाटासारखा आवाज करणारी. अप्पांनी ती नाशिक रोडला सरकारी नोकरीत असताना हौसेने घेतली आणि मुलीला जपलं नसेल एवढं तिला जपलं. सीटची कव्हरं तीनदा बदलली. रंग दोनदा मारून घेतला. उन्हाळ्यात तिला ओल्या चादरीची सावली मिळायची आणि मला म्हणायचे, जा खेळ, ऊन कुठंय. बाहेरून दिसतं त्या सगळ्याची निगा. आत, चाकांच्या मागे, जिथे अंधार आणि काळी भुकटी असते, तिथे काय चाललंय हे बघायची कुणाला गरज वाटली नाही.

तिचे ब्रेक जुन्या पद्धतीचे. एकदा दाबून भागत नसे. अप्पा पाय उचलून दोनदा-तीनदा मारायचे, मग गाडी जरा विचार करायची आणि थांबायची. पावसाळ्यात पाण्यातून गेलो की तेवढंही नाही. अप्पांना याचा अभिमान होता. "हिला चालवायला माणूस लागतो," म्हणायचे. म्हणजे आम्ही सगळे त्या माणूसपणाच्या भरवशावर मागच्या सीटवर बसलेलो.

आणि उतार. उतार आला की अप्पा गाडी न्यूट्रलला टाकायचे आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे. उड्डाणपुलाचा उतार असो की घाट, नियम एकच. "उताराला पेट्रोल कशाला? देवाने फुकट दिलाय उतार." हे फक्त आमचे अप्पाच करायचे असं नाही. त्या पिढीतला अर्धा नाशिक जिल्हा असाच उतरलाय. कसाऱ्याला, वणीला, चांदवडच्या उताराला, जिथे म्हणून रस्ता खाली झुकतो तिथे कुणाचे काका, कुणाचे मामा किल्ली फिरवून गालात हसत बसलेले. जणू पेट्रोल पंपवाल्याला चांगलं फसवलं.

खोटं कशाला बोलू, लहानपणी मला ते फार आवडायचं. दसरा आणि दिवाळीच्या मधल्या एखाद्या रविवारी आम्ही हरसूलला जायचो. अप्पांची तरुणपणी काही वर्षं तिकडे बदली होती. तिथल्या एका घरातून नवा तांदूळ आणायचा, हा आमचा न चुकणारा रिवाज. गिरणारे मागे पडलं, वाघेऱ्याचा घाट आला की अप्पांचा हात किल्लीकडे जायचा. टक्. आणि एकदम शांत. इंजिनाची घरघर गेली की बाहेरचं सगळं आत यायचं. टायरखालची खडी, वेळूच्या बेटातला वारा, कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा. डोंगराच्या उतरणीवर खुरासणी फुललेली, पिवळीधमक. खाली खाचरांत कापलेला भात पसरलेला आणि त्याचा तो उन्हात तापलेला गोडसर वास खिडकीतून थेट नाकात. मी मान बाहेर काढून डोळे मिटायची. गाडी नुसती ओघळत जायची.

पुढच्या सीटवर आई असायची. तिच्या मांडीवर तांदळासाठी घडी केलेल्या पिशव्या. ती त्या उतारावर कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मला वाटायचं, तिलाही माझ्यासारखी शांतता आवडते.

मी विम्याच्या कचेरीत काम करते. माझ्या टेबलासमोर बसून लोक आपापले अपघात सांगतात. इतकी वर्षं ऐकतेय, पण "माझं चुकलं" हे दोन शब्द त्या खुर्चीतून कधी आले नाहीत. समोरचा मधे आला. कुत्रं आडवं आलं. रस्ता ओला होता. आणि सगळ्यात लाडकं कारण, ब्रेक फेल झाला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातसुद्धा तेच छापून येतं, ब्रेक निकामी झाल्याने. जणू ब्रेक हा कुणीतरी नालायक पोरगा आहे आणि ऐन वेळेला त्याने घरच्यांना दगा दिला. तो का निकामी झाला, त्याच्याकडे कुणी कधी बघितलं होतं का, हे कुणी विचारत नाही. वस्तूला दोष दिला की माणसं सुटतात.

म्हणून मीच घरात टुमणं लावलं. निमित्त झालं नाशिक रोडच्या उड्डाणपुलाचं. उतारावर पुढे एक शाळेची रिक्षा थांबली, अप्पांनी नेहमीसारखा पाय मारला, पुन्हा मारला, आणि आमची गाडी त्या रिक्षाच्या मागे एवढ्या अंतरावर थांबली की आतल्या मुलीच्या वेणीची रिबीन मला मोजता आली असती. अप्पा म्हणाले, "बघ, थांबली की नाही." घरी आल्यावर मात्र मी जे बोलले ते तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं.

"ब्रेक बदलायचे, नाहीतर आईला या गाडीत बसवायचं नाही," असं मी सांगून टाकलं. अप्पांना ते फार लागलं. चांगल्या चाललेल्या संसारात मी खोट काढली असं त्यांना वाटलं. "इतकी वर्षं हेच ब्रेक आहेत. एक ओरखडा दाखव." पुष्कळ कुरकुर झाली. शेवटी द्वारकेजवळच्या भगवान मिस्त्रीकडे गाडी गेली, नवरात्राच्या आधी.

भगवान मिस्त्री तोंडाने फार गोड. त्याने पुढच्या दोन चाकांना नव्या गाड्यांना असतात तसे डिस्क ब्रेक बसवले, नळ्या बदलल्या आणि बॉनेटखाली एक काळा, गोल, भाकरीच्या तव्याएवढा डबा लावला. बूस्टर. इंजिन चालू असलं की या डब्यामुळे पायाचा जोर कितीतरी वाढतो, हे त्याने सांगितलं. "काका, आता टेन्शनच नाही. पाय नुसता टेकवला की गाडी जागेवर खडी." अप्पांनी गॅरेजसमोर एक चक्कर मारली, पाय टेकवला आणि गाडी खरंच जागेवर उभी राहिली. अप्पांचं डोकं काचेला लागता लागता राहिलं. भगवान टाळी देऊन हसला. अप्पाही हसले.

इंजिन चालू असलं की. हे एवढं वाक्य तो बोलला होता. त्याची दुसरी बाजू त्याने सांगितली नाही आणि आम्ही कुणी विचारली नाही. इंजिन बंद असलं की काय? डब्यात उरलेला जोर एक-दोन दाबांत संपतो, आणि मग ते पेडल दगडासारखं होतं. जुने ब्रेक रडतखडत का होईना, इंजिन बंद असतानाही तसेच लागायचे. नव्यांचं तसं नव्हतं. पुढे मी भगवानला जाऊन धरलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, काका घाटात गाडी बंद करतात हे मला काय माहीत? आजकाल कोण करतं असं?" मी त्याला म्हटलं, तू स्वतः करत नाहीस? तो मान खाली घालून पाना पुसायला लागला. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. इतकं कामाचं वाक्य त्याने अर्धंच सांगितलं.

त्या वर्षीचा दसरा थाटात झाला. गाडीला दुहेरी हार, आत अत्तर, चाकांखाली लिंबं. अप्पा ज्याला त्याला नवे ब्रेक दाखवत होते, जणू कल्पना त्यांचीच. देशपांडेकाकांनी वाकून चाकाच्या आत बघितलं आणि म्हणाले, वा वा. ऑक्टोबरचं ऊन चटचटत होतं, झेंडू दुपारीच मलूल झाला, आणि संध्याकाळी आपट्याची पानं देताना अप्पा मला म्हणाले, "सोनं घे आणि सोन्यासारखी बोलत जा." मी हसले. त्या दिवशी मला खरंच बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी हरसूलला निघालो. पुढे अप्पा आणि आई, मागे मी. रस्त्याला खड्डे नव्हते, हवा स्वच्छ, खुरासणी यंदा जास्तच फुललेली. घाटाच्या माथ्यावर अप्पांचा हात किल्लीकडे गेला. टक्. तीच शांतता.

मी म्हटलं, "अप्पा, राहू द्या ना चालू."

"उताराला पेट्रोल कशाला?"

पहिल्या वळणाला त्यांनी पाय टेकवला, गाडी लोण्यासारखी हळू झाली. "बघ काय ब्रेक आहेत," म्हणाले. दुसऱ्या वळणाला जरा जोर लावावा लागला. तिसऱ्या वळणाच्या आधी त्यांच्या खांद्यांची हालचाल बदललेली मला मागून दिसली. ते सीटवरून उठल्यासारखे झाले. दोन्ही पाय पेडलवर. ते हलेचना. पाय उचलून मारायची जुनी सवय, त्यांनी तेही केलं, पण मारायला काही उरलंच नव्हतं. गाडीचा वेग वाढत होता आणि आवाज काहीच नव्हता, हे मला आजही सहन होत नाही. किल्ली तिथेच होती, त्यांच्या हाताशी. फिरवली असती, गिअर टाकला असता, तर इंजिन जागं झालं असतं. त्यांना ते सुचलं नाही. मलाही नाही. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या बाजूला घातली, पत्रा दरडीला घासत गेला आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात आम्ही घुसलो.

धूळ बसेपर्यंत काही दिसलं नाही. मग आईचा आवाज, अगदी साधा: "मंजू, माझा हात बघ गं." तिने डॅशबोर्डवर हात टेकला होता. मनगट नको त्या बाजूला वळलेलं.

खालच्या खाचरात भात कापणारी माणसं विळे हातात घेऊनच धावत वर आली. एका बाईने आईला उतरवून सावलीत बसवलं, आपल्या पदराने तिच्या तोंडावरची धूळ पुसली. तिचा नवरा गाडीभोवती फिरला. म्हणाला, "काय झाला दादा, बिरेक फेल झाला काय?"

अप्पा खडीच्या ढिगाला टेकून उभे होते. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं.

"हो," म्हणाले. "ब्रेक फेल."

त्या एका शब्दाने सगळं ठरलं. नाशिकला परत येईपर्यंत तो खरा झाला होता, दिवाळीपर्यंत त्याची गोष्ट झाली. आईचा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून आत्या फराळाचे डबे घेऊन आली आणि चकली मोडता मोडता म्हणाली, "जुनं ते सोनं. कशाला हात लावायचा चालत्या गाडीला?" तिने माझ्याकडे बघितलंही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला अप्पा कोचावर बसून सांगत: एकीकडे दरी, एकीकडे डोंगर, नव्या ब्रेकने दगा दिला, पण डोकं शाबूत ठेवलं, गाडी बरोबर डोंगराला घातली. ऐकणारे म्हणत, अनुभव आहे हो तुम्हाला, म्हणून निभावलं. एवढ्या गोष्टीत किल्ली कुठेच नव्हती. सगळं होतं, दरी होती, देवीची कृपा होती, फक्त ती टक् नव्हती.

भगवानने खुलासा केल्यावर तरी अप्पा काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावून म्हणाले, "म्हणजे त्या डब्यामुळेच झालं. काढून टाक तो. जुनं होतं तसं बसव." मला वाटलं मी आता काहीतरी फेकून मारीन. आणि सगळ्यात चीड कशाची आली सांगू? एका अर्थाने ते खरं होतं. जुने ब्रेक असते तर त्या दिवशी काही झालं नसतं. इतकं अर्धवट खरं बोललं की पुढच्याला तोंडच उरत नाही. मी गॅरेजमध्ये उभी राहून भांडले आणि डबा राहिला. पण घरात ठरून गेलं की मंजूने ब्रेक बदलले आणि आईचा हात मोडला.

मला काय हवं होतं? फार नाही. अप्पांनी एकदा, एकदाच म्हणावं, किल्ली मी बंद केली होती. मला शिक्षा नको होती, माफी नको होती. ते वाक्य आलं असतं तर मला कळलं असतं की हा माणूस पुढच्या उताराला ती बंद करणार नाही. ते येत नव्हतं, तोवर आई त्यांच्या शेजारी बसणार आणि मी घरी बसून फोनची वाट बघणार. आईचा हात बरा झाला, पण पोळ्या लाटताना अजून मधेच थांबते, मनगट चोळते. तिच्या त्या थांबण्याने दर वेळी माझ्या कपाळाची शीर उडते. मधली काही वर्षं हरसूलचा तांदूळ आला नाही. आई म्हणायची, हात दुखतो, प्रवास नको. अप्पा म्हणायचे, बाजारात मिळतो की.

यंदा घट बसल्यावर अप्पाच म्हणाले, नवा तांदूळ आणू या. आई "बरं" म्हणाली. तिचं ते बरं मी आयुष्यभर ऐकत आले आहे. भाजीला मीठ जास्त, बरं. पाहुणे अचानक येणार, बरं. त्या शब्दाचाही मला राग येतो, आणि ज्याच्यावर काढता येत नाही असा राग आला की मी साफसफाई करते.

म्हणून दसऱ्याच्या सकाळी बादली घेऊन मी खाली गेले. अप्पा हार आणायला गेले होते. पूजेचं ताट आईने गाडीजवळच्या स्टुलावर ठेवलं होतं, हळद-कुंकू, अक्षता, आणि मधोमध गाडीची किल्ली, तिलाही कुंकू लावलेलं. मी दारं उघडली आणि रबराच्या मॅट बाहेर काढून धुवायला घेतल्या. अप्पांच्या बाजूची जुनी होती, पण ठीक होती. आईच्या बाजूची उचलली तर उजव्या पायाच्या जागी तिला आरपार भोक पडलेलं. टाचेएवढं. मॅटखालचा पत्राही तिथे घासून चकचकीत झालेला, रंग गेलेला.

मला आधी कळेचना. त्या बाजूला कुणी गाडी चालवत नाही. तिथे ना पेडल, ना काही.

"आई, हे काय?"

ती जवळ आली, बघितलं आणि चोरी पकडल्यासारखी हसली. "अगं, उताराला पाय दाबला जातो. आपोआप."

"कधीपासून?"

"गाडी घेतली तेव्हापासूनच की. यांनी इंजिन बंद केलं की धडगत वाटायची नाही. मग मी आपली दाबत बसायची."

"बोलली का नाहीस कधी?"

"बोलून गाडी थांबते का?" ती म्हणाली. मग मॅटवरून हात फिरवत: "मी दाबायची आणि वळणावर गाडी हळू व्हायची. म्हटलं चाललंय. त्या दिवशीच तेवढी नाही झाली." आणि लगेच माझा दंड धरून, "यांना सांगू नको हं. वाईट वाटेल. म्हणतील, माझ्यावर विश्वास नाही."

मी तिथे उभी होते आणि माझे कान तापले होते. लहानपणी मी मागच्या सीटवर डोळे मिटून भाताचा वास घेत होते तेव्हा, बरोबर माझ्या पुढे, ही बाई पत्र्यावर पाय दाबून सगळ्या घराची गाडी थांबवत होती. तिला उतारावर गप्प बसलेली बघून मी त्याला शांतता म्हणत होते.

अप्पा हार घेऊन आले. आई मॅट घडी करायला गेली. मी करू दिली नाही. त्यांच्यापुढे धरली. "बघा. आईच्या पायाची जागा आहे."

अप्पांनी चष्मा वर केला, भोकातून बोट घालून बघितलं. "रबर हलक्या प्रतीचं होतं," म्हणाले. "नवा सेट टाकू." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "बाईमाणूस घाबरतंच गं गाडीत."

मग माझा तोल सुटला. भर पार्किंगमध्ये, सगळे कुंकू-अक्षता घेऊन उभे असताना, मी अप्पांना सगळं ऐकवलं. किल्ली, घाट, खडी, "हो, ब्रेक फेल", आत्याची चकली, सगळं. रबर हलक्या प्रतीचं नव्हतं अप्पा, म्हटलं, भीती भारी प्रतीची होती. देशपांडेकाकांचा नारळ हातातच राहिला. झेंडूचा हार त्यांच्या हातातून खाली लोंबत होता आणि पाकळ्या बुटांवर पडत होत्या.

मला वाटलं आई मला गप्प करेल. ती ताटाकडे गेली. कुंकू लागलेली किल्ली उचलली, पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"रविवारी मंजू चालवेल," ती अप्पांना म्हणाली. "तुम्ही पुढे बसा. मी मागे बसते."

किल्ली मी बंद केली होती, हे वाक्य अप्पांनी तेव्हाही म्हटलं नाही आणि अजूनही म्हटलेलं नाही. मी आता त्याची वाट बघायचं सोडलंय असं म्हणते, पण सोडलेलं नाही. राग कमी झालाय का, तर तोही नाही. उलट तो आता दोघांवर आहे, एक बोलला नाही म्हणून आणि एक बोलली नाही म्हणून, आणि थोडा त्या पिवळ्या खुरासणीवर, इतकी सुंदर दिसते म्हणून.

रविवारी निघालो. गिरणारेपर्यंत अप्पा खिडकीबाहेर बघत होते. घाटाच्या माथ्यावर त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला आणि परत खाली आला. मी इंजिन चालूच ठेवलं, दुसऱ्या गिअरवर उतरायला लागले. गाडी घरघरत होती, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. घंटा नाही, वारा नाही, फक्त भाताचा वास तेवढा आत आला. त्या तिसऱ्या वळणाजवळ आलो तेव्हा समोरून एक टेम्पो वर चढत होता. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं. अप्पांचा उजवा पाय सरकला होता. नवी मॅट अजून आणली नव्हती. त्या भोकात टाच रुतवून ते पत्र्यावर दाबत होते, गुडघा थरथरेपर्यंत.

मागून आई पुढे वाकली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तोच, मोडून जुळलेला.

"दाबू नका," ती म्हणाली. "तिथे काही नाहीये. मी बघितलंय."